कारागिराचा ठावठिकाणा

नांगराचा फाळ बोथटला, दाराची बिजागरी निखळली, विहिरीवरचा रहाट मोडला, म्हणजे माणूस ज्याच्याकडे धाव घेतो तो कारागीर. हा कारागीर कोठे सापडतो, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तिथी सांगणाऱ्या ग्रंथांत त्याला सहसा स्थान मिळत नाही. तथापि एखाद्या समाजाची घडण जाणून घ्यावयाची असेल, तर तेथील माणूस सुताराला कसा शोधत असे, त्याच्या कामाचे मोल कसे ठरत असे आणि काम बिघडल्यास त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

बडोदे शहराच्या वायव्येस दहा-बारा किलोमीटरांवर कोयली नावाचे गाव आहे. आज हे नाव उच्चारताच लोकांच्या डोळ्यांसमोर तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना उभा राहतो. परंतु १९६३ सालापूर्वी कोयली हे गुजरातेतील शेकडो गावांसारखेच एक शेतकी गाव होते. गुजरातेतील अशा गावांत सुतार, लुहार, कुंभार, न्हावी वगैरे मंडळींना 'वसवाया' म्हणत. वसवाया म्हणजे गावाने बोलावून वसविलेले लोक. गावाला आपली गरज ठाऊक होती. ती भागविणारी माणसे गाव आपल्या कुशीत आणून ठेवी आणि पिकातील वाटा देऊन त्यांचा निर्वाह चालवी. अशा गावी सुताराचा पत्ता कोणी विचारीत नसे. सुताराची शाळ लहान मुलालाही ठाऊक असे.

मराठी मुलखात याच व्यवस्थेला बलुतेदारी हे नाव होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात तिचे जे बारकाईने वर्णन केले आहे, ते आजही अभ्यासकांना मार्गदर्शक ठरते. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणी, कोळी, महार, मांग ही बलुतेदारांची सर्वसाधारण यादी. प्रांताप्रांताने तिच्यात थोडाफार फरक पडे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी असत. ज्याच्यावाचून शेतीचे पान हलत नसे तो थोरल्या ओळीत बसे आणि त्याचा वाटाही मोठा असे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर रास पडली, की बलुतेदार आपापल्या हक्काच्या पेंढ्या आणि धान्य घेऊन जात. वर्षभर केलेल्या कामाचा हिशेब असा एका दिवसात चुकता होई.

या व्यवस्थेतील सोय उघड आहे. गावाचा लोहार कोणी परका इसम नव्हता. त्याने भरलेली कुऱ्हाड महिन्याभरात दुमडली, तर तिचा मालक त्याच्या भात्यापाशी येऊन बसे आणि दुरुस्त करून घेतल्यावाचून उठत नसे. उलट लोहारालाही उद्याची चिंता नसे. त्याचे काम हे वतन होते. त्या वतनाविषयी तंटा उद्भवला, तर गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. मराठ्यांच्या इतिहासाची साधने धुंडाळणाऱ्या अभ्यासकांना असे कितीतरी महजर आढळले आहेत. एका सुताराचा हक्क कोणत्या घरावर चालतो, याचा निर्णय देशमुख-पाटलांच्या साक्षीने व्हावा, यावरूनच त्या कामाचे महत्त्व ध्यानी येते.

मात्र या सोयीची किंमत कोण मोजत होता, हेही पाहिले पाहिजे. गावाला कारागीर शोधावा लागत नव्हता, कारण कारागिराला गाव सोडता येत नव्हते. सुताराचा मुलगा सुतार होई. त्याचे मन कशात रमते, हे त्याला कोणी विचारीत नसे. काही जातींच्या वाट्याला तर कौशल्याचे कामही येऊ दिले जात नसे. दिवसरात्रीची वेठ आणि शिवेबाहेरची वस्ती एवढेच त्यांच्या नशिबी होते. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. पुढे १९५८ साली मुंबई राज्याने कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा केला, तेव्हा कोठे त्या जोखडाचा कायदेशीर शेवट झाला. गावगाड्यातील निश्चिंतपणाचे स्मरण करताना हा मोबदला विसरणे न्यायाचे होणार नाही.

गाव वाढून बाजारपेठ झाले, म्हणजे कारागीर शोधण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो. पेठेत येणारा माणूस चार कोसांवरून आलेला असतो; त्याला कोणी ओळखत नाही आणि तोही कोणाला ओळखत नाही. अशा वेळी नगररचनाच त्याच्या मदतीला येते. पुण्याच्या जुन्या भागात तांबट आळी, शिंपी आळी, बुरूड आळी, कागदीपुरा ही नावे अजून ऐकू येतात. ज्या काळी दुकानांवर पाट्या नव्हत्या आणि पाटी वाचणारेही थोडेच होते, त्या काळी आळीचे नाव हीच पाटी होती. तांबट आळीकडे जाणाऱ्यास वाट विचारण्याचीही गरज नसे. हातोड्यांचा ठणठणाट त्याला आपोआप तेथे घेऊन जाई. शिवाय एकाच आळीत एका धंद्याची दहा घरे असल्यामुळे एकाने अवाच्या सवा दाम सांगितला, तर गिऱ्हाईक शेजारच्या ओट्यावर जाई. वाईट काम करणाऱ्याची अपकीर्ती साऱ्या आळीला भोवत असे. म्हणून आळीच त्याला आवर घाली.

हा प्रकार आपल्याकडेच होता असे मात्र नाही. दूर उत्तरेला स्कॉटलंड देशात बाराव्या शतकात डेव्हिड पहिला या राजाने 'बर्ग' नावाची सनदी बाजार-शहरे वसविण्यास आरंभ केला. शहराच्या मध्यभागी बाजाराचा स्तंभ असे. त्याच्याभोवती बाजार भरे आणि राजाज्ञाही तेथेच पुकारल्या जात. या शहरांतील कारागिरांचे संघ सनदा मिळवून अधिकृत झाले. स्टर्लिंग नगरीत असे सात संघ होते : धातुकाम करणारे, विणकर, शिंपी, चर्मकार, खाटीक, कातडी कमावणारे आणि भटारी. प्रत्येक संघाचा एक प्रमुख निवडला जाई. उमेदवाराला कित्येक वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढावी लागत आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक वस्तू घडवून जाणत्यांच्या परीक्षेस उतरावे लागे. १५९८ साली विल्यम शॉ यांनी पाथरवटांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत प्रत्येक कारागिराचे नाव आणि त्याची दगडावर कोरावयाची खूण वहीत नोंदवावी असे एक कलम होते. भिंत ढासळली, तर दगडावरची खूण पाहून तो कोणाच्या हातचा, हे कळावे अशी ही योजना.

या संघांना धर्माचेही अधिष्ठान होते. १५६० सालच्या धर्मसुधारणेपूर्वी प्रत्येक संघ आपल्या पालक संताची वेदी चर्चमध्ये सांभाळीत असे. लोहारांचा संत एलॉय, चर्मकारांचा संत क्रिस्पिन, आणि सुतारांचा तर नाझरेथचा योसेफ, ज्याच्या घरी प्रभू येशू लहानाचा मोठा झाला. मराठी वाचकाला यात काही अपरिचित वाटू नये. शिंप्यांचे नामदेव, कुंभारांचे गोरोबा, सोनारांचे नरहरी, माळ्यांचे सावतोबा आणि न्हाव्यांचे सेना महाराज ही आपल्याकडची मांदियाळी डोळ्यांपुढे आणावी. देवाचे नाव आणि हातातले हत्यार यांच्यात अंतर नाही, असे दोन्ही देशांतील श्रमिकांना वाटले, ही मोठी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

स्कॉटलंडमधील संघांचेही दोष होतेच. संघाचा सभासद नसलेल्या माणसाला शहराच्या हद्दीत धंदा करता येत नसे; बाहेरून आलेला कसबी कितीही तरबेज असला तरी त्याला वेशीबाहेर राहावे लागे. ही मक्तेदारी अखेर १८४६ सालच्या कायद्याने मोडली. सारांश, गिऱ्हाइकाला खात्री देणारी प्रत्येक जुनी संस्था कोणाला तरी दाराबाहेर ठेवून ती खात्री देत होती.

आता पुन्हा बडोद्याकडे वळू. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'वडपद्रक' नावाने ज्या गावाचा उल्लेख येतो, तेच हे स्थान. १७३४ साली बडोदे पुन्हा गायकवाडांच्या हाती आले आणि मग कायमचे त्यांच्याकडे राहिले. मध्यभागी मांडवी आणि चार दिशांना लहरीपुरा, पाणी, चांपानेर व गेंडी हे चार दरवाजे, अशी तटबंदीच्या आतील शहराची सुटसुटीत मांडणी होती. मराठ्यांबरोबर फौज आली, कारकून आले, भिक्षुक आले. आणि त्यांच्या गरजा भागविणारे कारागीरही आले. स्थानिक गुजराती कसबी आणि दक्षिणेतून आलेली मंडळी एकाच बाजारात वावरू लागली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी बोली रुळली, ती आजतागायत ऐकावयास मिळते.

त्या काळी कुशल कारागिराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे दरबार. महाराज खंडेराव यांनी मदिनेच्या पवित्र स्थानी अर्पण करण्यासाठी मोत्यांचा गालिचा तयार करविला. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. या वस्तूंची कीर्ती साऱ्या जगात पसरली. परंतु तो गालिचा ज्यांनी विणला, एकेक मोती सुईने ओवताना ज्यांच्या दृष्टीचे तेज कमी झाले असेल, त्यांची नावे कोणाच्या ओठी नाहीत. करविणाऱ्याचे नाव राहिले, करणाऱ्याचे गेले. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर यांचे नाव कोरलेले आहे. ते पाहून मराठी माणसाचे मन भरून येते, याचे एक कारण हेही असावे, की अशा पायऱ्या आपल्या देशात फार थोड्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरापुढे वेगळेच संकट उभे राहिले. विलायती गिरण्यांचे कापड, विलायती खिळे आणि कुलुपे बाजारात आली. आळीत कारागीर होता, पण गिऱ्हाईक त्याला ओलांडून दुकानात जाऊ लागले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेला आणि १८७५ साली दत्तक होऊन गादीवर आलेला शेतकऱ्याचा मुलगा, म्हणजे महाराज सयाजीराव, या प्रश्नाचा विचार करू लागला. केवळ राजाश्रयाने कारागीर जगणार नाही, त्याला विद्या दिली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १८९० साली बडोद्यात 'कलाभवन' सुरू झाले. रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्याचे प्रमुख. सुतारकाम, विणकाम, रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला अशा विषयांचे पद्धतशीर शिक्षण तेथे मिळू लागले. आणि ते देशी भाषेतून मिळावे असा गज्जरांचा आग्रह होता. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याने रंगाचे रसायन शिकू नये, हे त्यांना मान्य नव्हते.

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके याच कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले आणि १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणला. एका वैदिक घराण्यातील मुलाने यंत्रांशी झोंबावे आणि सुताराच्या मुलाने भूमितीचे पुस्तक उघडावे, हे दोन्ही चमत्कार एकाच इमारतीत घडत होते. कोण कोणत्या घरी जन्मला, यापेक्षा कोणाला काय येते याला येथे महत्त्व आले. कारागिराचा ठावठिकाणा आता आळीच्या नावात राहिला नाही. तो प्रमाणपत्रात लिहिला जाऊ लागला. १९४९ साली कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले आणि त्यातून तेथील तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा आकारास आली.

परंतु शाळेने शिकविलेले शहराने लगेच मानले असे झाले नाही. याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत उच्च विद्या संपादन करून डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास आले, तेव्हा त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून त्यांनी कसेबसे दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. अखेर त्या प्रकांड पंडिताने गाडीची वेळ होईपर्यंतचा काळ कमाटी बागेत बसून काढला. ज्या महाराजांनी त्यांना विद्येसाठी सातासमुद्रापलीकडे पाठविले, त्यांच्याच राजधानीत ही गोष्ट घडली. प्रमाणपत्र माणसाच्या हाती होते. ते वाचण्याची तयारी शेजाऱ्यांपाशी नव्हती. या प्रसंगात कोणत्याही एका धर्माला दुसऱ्याकडे बोट दाखविता येणार नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात सामील झाले आणि १९६० साली गुजरातेत गेले. त्याच सुमारास अंकलेश्वर आणि कलोल येथे खनिज तेल सापडले. ते शुद्ध करण्याचा कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने कोयलीस उभारण्याचे ठरले. १० मे १९६३ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पायाभरणी झाली. १९६५ सालच्या ऑक्टोबरात दहा लक्ष टन क्षमतेचा पहिला विभाग चालू झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पुढे त्याची वार्षिक क्षमता वाढत वाढत एक कोटी सदतीस लक्ष टनांवर गेली.

ज्या प्रकारच्या गावात वसवायांचे वंशपरंपरागत हात पुरत होते, तेथे आता वेल्डर, फिटर, टर्नर, रिगर असे नवे कसबी हवे झाले. ही नावे कोणत्याही ओळीत बसत नव्हती, कोणत्याही आळीला ठाऊक नव्हती. नळाचे दोन तुकडे जोडताना सांधा केसभर चुकला, तर उकळत्या तेलाची आग भडकण्याचे भय. तेव्हा कोणाच्याही मुलाला केवळ त्याचा बाप त्या धंद्यात होता म्हणून ते काम सोपविता येत नव्हते. १९५० सालापासून देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघू लागल्या होत्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. कोयलीपाठोपाठ त्या परिसरात खतांचा आणि पेट्रो-रसायनांचा कारखानाही आला. आपल्या हातांना काय येते, हे परीक्षेने सिद्ध करून माणसे तेथे शिरू लागली. स्टर्लिंगच्या उमेदवाराने जी वस्तू घडवून दाखवावी, तीच आता पोलादाच्या सांध्याच्या रूपाने तपासली जाऊ लागली.

तरीही जुन्या प्रश्नाने पाठ सोडलेली नाही. गुजरातेतील कोणत्याही शहरात सकाळी 'कडियानाका' भरतो. कडिया म्हणजे गवंडी. थापी, ओळंबा, रंधा, रंगाचा कुंचला असे आपले हत्यार पुढे ठेवून माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात आणि ज्याला भिंत बांधावयाची असेल तो तेथे येऊन माणूस निवडतो. स्कॉटलंडच्या बाजार-शहरांतही वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या सुमारास, शेतमजुरांचे असेच बाजार भरत. सौदा ठरला, की धनी मजुराच्या हातावर एक नाणे ठेवी. त्याला 'आर्ल्स' म्हणत. आपल्याकडचा 'विसार' तो हाच. पण तेथील मजुराला त्या एका नाण्याने सहा महिन्यांची हमी मिळे. नाक्यावरच्या गवंड्याला संध्याकाळपर्यंतचीच मिळते. दुपार झाली आणि कोणी बोलावले नाही, म्हणजे तो थापी पिशवीत घालून घरी परततो.

इतक्या शतकांच्या या प्रवासाकडे पाहिले, म्हणजे लाभहानीचा हिशेब सरळ मांडता येत नाही. बलुतेदाराला भाकरीची निश्चिती होती, पण पायांत बेडी होती. संघाच्या कारागिराला मान होता, पण त्या मानाला कुंपण होते. आजच्या कारागिराच्या पायांतील बेडी निघाली. परंतु खळ्यावरचा त्याचा वाटाही गेला आणि त्याला नावाने ओळखणारे गावही गेले. बेडी पुन्हा घालावी असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण वाटा आणि ओळख या दोन गोष्टी स्वतंत्र माणसालाही मिळू शकतात. त्यासाठी त्याला बांधून ठेवण्याची आवश्यकता नाही.

चार दिवस घरात वावरून खिडक्या बसवून गेलेल्या सुताराचे नाव कित्येक घरांत कोणालाही सांगता येत नाही. 'तो नाक्यावरचा' एवढीच त्याची ओळख उरते. चारशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या पाथरवटांच्या वहीत प्रत्येकाचे नाव लिहिले जात होते आणि रायगडच्या पायरीवर एक नाव आजही वाचता येते. कारागीर शोधावयास निघालेल्या माणसाने त्याची मजुरी ठरविण्याआधी त्याचे नाव विचारावे, आणि काम संपल्यावर ते ध्यानात ठेवावे. पुढच्या वेळी त्याचा ठावठिकाणा शोधण्याचे श्रम तरी वाचतील; आणि नाक्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला कोणीतरी गर्दीतून नावाने हाक मारील.